शिवारफेरी : मुलांसह पाण्याच्या वाटेने

खेड्यातील शाळेत सहावी-सातवीत शिकणाऱ्या मुलास गंगेचा उगम विचारला, तर तो तत्काळ सांगतो. गोदावरी कोणकोणत्या राज्यांतून वाहत जाते, हेही त्यास पाठ असते. परंतु स्वतःच्या वडिलांच्या शेतावर पडलेले पावसाचे पाणी कोणत्या बांधावरून उतरते, कोणत्या ओघळीस मिळते आणि पुढे कोणत्या ओढ्याला जाते, असे विचारल्यास तो बहुधा गप्प राहतो. यात दोष मुलाचा नाही. त्यास हे कोणी कधी दाखविलेलेच नसते.

पूर्वी गुरे राखण्याच्या निमित्ताने खेड्यातील मुले शिवारभर हिंडत असत. कोठे बोरे पिकली, कोणत्या डबक्यात चैत्रापर्यंत पाणी टिकते, कोणत्या कपारीत साळिंदर राहते, हे त्यांस ठाऊक असे. आता मुले शाळेत जातात ही अत्यंत इष्ट गोष्ट होय. तथापि गुराख्याच्या काठीबरोबर शिवाराची ओळख होण्याचा मार्गही बंद झाला आणि त्याच्या जागी दुसरा मार्ग निर्माण झाला नाही. प्रौढांची स्थितीही फारशी निराळी नाही. घर, पाणंद, विहीर आणि शेत एवढीच शेतकऱ्याची रोजची वाट असते. आपल्या शेताच्या वर असलेल्या माळावर गेल्यास कित्येकांस पाच-दहा वर्षे लोटलेली असतात. बांध फुटतो तो शेतात. परंतु त्याचे कारण बहुधा शेताच्या वर असते. ते कारण ज्याने पाहिलेले नाही, तो दरवर्षी तोच बांध पुन्हा घालीत राहतो.

म्हणूनच शेतकरी कुटुंबांनी वर्षातून तीन-चार वेळा, मुलाबाळांसह, आपल्याच गावच्या शिवारात अर्ध्या दिवसाची फेरी काढावी, ही गोष्ट दिसते त्याहून अधिक महत्त्वाची आहे. तीत खर्च नाही, प्रवास नाही आणि सुटीचा मोठा खोळंबाही नाही. मुलांस मौज आणि वडीलधाऱ्यांस माहिती, असा दुहेरी लाभ मात्र निश्चित आहे.

जुनी चाल, नवा हेतू

कुटुंबाने एकत्र शिवारात जाणे महाराष्ट्रास नवीन नाही. लातूर व धाराशिव जिल्ह्यांत आणि सोलापूर जिल्ह्याच्या काही भागांत वेळा अमावास्येस सारे गाव शेतात लोटते. कडब्याची कोप उभारून पूजा होते आणि भज्जी, उंडे व आंबील यांचे जेवण रानातच होते. त्या दिवशी गावात माणूस आढळणे कठीण होते. ज्वारीच्या पट्ट्यात थंडीच्या दिवसांत हुरड्यासाठी पाहुणे रानात येतात. कार्तिकात आवळीखाली जेवण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. या प्रत्येक प्रसंगी मुले, आजी-आजोबा व लेकी-सुना एकत्र असतात. त्याच दिवशी जेवणापूर्वीचे दोन तास चालण्यासाठी राखून ठेवले, की शिवारफेरी घडून आली.

शिवारफेरी हा शब्दही ग्रामीण कार्यकर्त्यांच्या परिचयाचा आहे. पाणलोट विकासाच्या कामात आणि २०१४ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात गावाचा आराखडा तयार करण्यासाठी अशा फेऱ्या काढण्यात आल्या. त्यांत अधिकारी व प्रमुख ग्रामस्थ सहभागी होत. मुले क्वचितच असत. परंतु आज घातलेला बांध वीस वर्षांनी ज्यांच्या हाती जावयाचा आहे, ती ही मुलेच होत.

फेरीची तयारी

पहिल्या फेरीस तीन-चार किलोमीटरहून अधिक अंतर ठेवू नये. सर्वांत लहान मुलाची चाल हीच सर्वांची चाल समजावी. दोन-तीन कुटुंबे मिळून निघाल्यास मुलांस सोबत मिळते आणि लक्ष ठेवण्यास मोठी माणसे पुरेशी असतात. सकाळी ऊन चढण्यापूर्वी निघून दहा-साडेदहापर्यंत एखाद्या झाडाखाली शिदोरी सोडावी, हे सोयीचे होय.

बरोबर पिण्याचे पाणी, भाकरी, पायात बूट किंवा जाड वहाणा, प्रत्येक मोठ्या माणसाच्या हाती काठी, वीस-पंचवीस हात दोरी, झाकणाच्या दोन-तीन रिकाम्या पारदर्शक बाटल्या आणि एक वही एवढे साहित्य पुरे. वही मुलांपैकी एकाकडे द्यावी. जे दिसेल ते त्याने तारखेनिशी लिहावे, म्हणजे पुढील फेरीच्या वेळी ताडून पाहता येते.

वाट मात्र मन मानेल तशी घेऊ नये. पाणी ज्या वाटेने उतरते त्याच वाटेने, म्हणजे माथ्यावरून पायथ्याकडे, उतरावे. असे केल्याने शिवार तुकड्यातुकड्यांनी न दिसता एकसंध दिसते.

माथा

माथ्यावर पोहोचताच प्रथम मुलांस दोन्ही बाजूंस पाहावयास सांगावे. तांब्याभर पाणी अलीकडे ओतले तर ते एका ओढ्यास जाते आणि चार पावलांवर पलीकडे ओतले तर दुसऱ्या. हा लहानसा प्रयोग मुले कधी विसरत नाहीत. मोठ्या डोंगररांगांवर याच चार पावलांचे अंतर शेकडो कोसांचे होते. बालाघाटाच्या एका अंगाचे पाणी गोदावरीस व दुसऱ्या अंगाचे भीमेस जाते. अजिंठ्याची रांग तापी व गोदावरी यांच्या खोऱ्यांची वाटणी करते. सह्याद्रीच्या कड्यावर पश्चिमेस पडलेला थेंब काही कोसांतच अरबी समुद्रास मिळतो, तर पूर्वेस पडलेला थेंब सारे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरास जातो. शाळेत पाठ केलेला भूगोल आपल्या माळापासूनच सुरू होतो, हे मुलास येथे उमगते.

माथ्यावर माती किती खोल आहे हे काठीने टोचून पाहावे. बहुतेक ठिकाणी वीतभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा खडक लागतो. हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर थंड होऊन बनला. तो झिजून माती होण्यास अतिशय दीर्घ काळ लागतो. इंचभर माती तयार होण्यास शेकडो वर्षे जातात. ही वीतभर माती धरून ठेवण्याचे काम गवत करते. म्हणून गवताकडे थांबून पाहावे. मारवेल व पवन्या यांसारखी चांगली गवते दिसली तर माळ बऱ्या स्थितीत आहे असे समजावे. कुसळीच फार माजली असेल, तर चराईचा अथवा वणव्याचा ताण पडला असण्याचा संभव असतो.

कुसळीचे एक कुसळ घेऊन तळहातावर ठेवावे व त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकावेत. वाळलेल्या शेपटाचा पीळ सुटू लागतो आणि कुसळ जिवंत असल्यासारखे गरगर फिरते. पाऊस पडताच हे बी अशाच रीतीने स्वतःला मातीत पेरून घेते. कपड्यांत रुतणाऱ्या कुसळाचा मुलांस राग असतो. हे पाहिल्यावर त्यांस त्याचे कौतुक वाटू लागते.

उतार

माथ्यावरून खाली येताना पाण्याने कोरलेल्या खुणा मोजण्याचे काम मुलांवर सोपवावे. बोटाएवढ्या रेघा, त्या मिळून झालेल्या हातभर रुंदीच्या ओघळी आणि ओघळी मिळून झालेल्या घळी, या क्रमाने जमीन वाहून जाते. रेघ पायाने बुजविता येते, ओघळ दगडांनी आवरता येते; घळ मात्र यंत्रांवाचून व पैशावाचून आवरत नाही. कोणत्या अवस्थेत हात घालावा, हे सांगण्यास याहून चांगला फळा नाही.

येथेच समपातळी शोधण्याचा खेळ खेळता येतो. दोन सारख्या काठ्या शेंड्याशी बांधून त्यांचे पाय फाकवावेत. मध्ये आडवी काठी बांधावी आणि शेंड्यापासून दगड बांधलेली दोरी ओळंब्यासारखी सोडावी. ही चौकट उभी करून दोरी आडव्या काठीस जेथे लागते तेथे खूण करावी. मग दोन्ही पायांच्या जागा आपसांत बदलून दुसरी खूण करावी. दोन खुणांचा मध्य हीच समपातळीची खूण होय. दोरी या मध्यावर येईल अशा रीतीने एकेक पाय पुढे टाकीत उतारावर आडवे चालत जावे आणि प्रत्येक ठिकाणी एक खडा ठेवावा. अर्ध्या तासात मुलांच्या खड्यांची वळणदार रेघ उतारावर उमटते. सलग समतल चर ज्या रेघेवर खोदतात, ती हीच. वर्षानुवर्षे उताराच्या दिशेने नांगरणाऱ्या शेतकऱ्यासही मुलांनी आखलेली ही रेघ विचार करावयास लावील.

थोडे गणितही येथे करावे. एका एकरावर एक इंच, म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी सुमारे एक लाख लिटर भरते. दहा हजार लिटरचे दहा टँकर एका एकरावर आकाशातून ओतले जातात! आपली जमीन किती एकर आणि तिच्यावर किती टँकर पडले, हा हिशेब मुलांनी काठीने मातीवर मांडावा. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावातील मुलगा हे उत्तर पाहून हमखास विचारतो, “आबा, मग एवढे पाणी जाते कुठे?” सर्व शिवारफेरी या एका प्रश्नासाठीच असते. आजोबांनी त्याचे उत्तर तोंडाने देऊ नये, पुढे चालावे.

शेते आणि विहिरी

उतार संपून शेते लागली की माती बदलते. मुरमाड, मध्यम आणि काळी अशा तीन ठिकाणांहून मूठमूठ माती घ्यावी. एका बाटलीत तिसरा हिस्सा माती व बाकी पाणी घालून ती जोराने हलवावी व घरी नेऊन ठेवावी. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयट्यास काही तास लागतात आणि चिकणमातीचे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ राहते. काळी जमीन उन्हाळ्यात का भेगाळते व पावसाळ्यात का चिबडते, याचे कारण त्या चिकणमातीच्या थरात असते.

बांधावरची झाडे आणि पाखरे यांची नोंद अवश्य करावी. विहिरीवर वाकलेल्या बाभळीस लोंबणारी सुगरणीची घरटी पावसाळ्यात दिसतात; ती विणण्याचे काम नर करतो, हे मुलांस सांगावे. पंख हलवीत एकाच जागी आकाशात ठरणारी कापशी घार उंदरांवर टपलेली असते. झाडाच्या ढोलीतील पिंगळा किडे व उंदीर खातो. त्यास अशुभ मानणाऱ्यांनी तो पिकाचा राखणदार आहे हे ध्यानी घ्यावे. महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. पाच तारीख हा मारुती चितमपल्ली यांचा आणि बारा तारीख हा डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस होय. सुगीच्या या दिवसांत एक फेरी पाखरांसाठी काढणे उचित ठरेल. घरट्यांस व अंड्यांस मात्र हात लावू नये. टिटवीची अंडी उघड्या जमिनीवरच असतात. ती ओरडू लागली की पाऊल जपून टाकावे.

आजी बरोबर असेल तर पावसाळ्यातील फेरीस तिच्याकडेच पुढारपण द्यावे. टाकळा, कुर्डू, तांदुळजा, घोळ, पाथरी या रानभाज्या ओळखणाऱ्या डोळ्यांची संख्या घटत चालली आहे. ज्या घरात ही ओळख नातीकडे पोहोचली नाही, त्या घरातून ती कायमची गेली असे समजावे.

विहिरीपाशी पाण्याची पातळी मोजावी. दोरीस हात-हात अंतरावर गाठी मारून टोकास दगड बांधावा आणि काठापासून पाण्यापर्यंत किती गाठी उतरल्या ते वहीत लिहावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या पातळीची नोंद वर्षातून चार वेळा घेते. कुटुंबाने आपल्या विहिरीची तेवढीच नोंद ठेवल्यास दोन-तीन वर्षांत पीक ठरविण्यास मोठी मदत होईल. दोरी सोडण्याचे काम मोठ्या माणसानेच करावे. कठडा नसलेल्या विहिरीजवळ मुलांस नेऊ नये. मुलांनी दूर उभे राहून गाठी मोजाव्यात.

ओढा

फेरीचा शेवट ओढ्यावर होतो आणि आजोबांनी राखून ठेवलेले उत्तरही तेथेच मिळते. हिवाळ्यात पाणी निवळ असताना काठावरचे दगड उलथून पाहावेत. लहान खेकडे, चतुराच्या अळ्या, गोगलगाई आढळतात. पाहून झाल्यावर दगड होता तसा ठेवावा, कारण ते कोणाचे तरी घर असते.

खरा धडा मात्र पावसाळ्याच्या आरंभीचा आहे. चांगला पाऊस होऊन गेल्यावर, पूर ओसरल्यानंतर, मोठ्या माणसाने दोरीस डबा बांधून काठावरूनच ओढ्याचे पाणी काढावे व एका बाटलीत भरावे. दुसऱ्या बाटलीत बांधबंदिस्ती केलेल्या शेताच्या सांडव्याचे पाणी भरावे, आणि मिळाल्यास तिसरीत उघड्या, उताराने नांगरलेल्या शेतातून आलेले. तिन्ही बाटल्या ओट्यावर दोन दिवस शेजारी-शेजारी ठेवाव्यात. तळाशी बसलेला गाळ मुलांनी बोटाने मोजावा. हा गाळ म्हणजे वर पाहिलेल्या त्याच वीतभर मातीचा अंश होय. शेणखत घालून, कर्ज काढून, घाम गाळून जी जमीन कसली, ती बाटलीत उभी असलेली पाहिल्यावर व्याख्यानाची आवश्यकता उरत नाही.

वर्षाचे चार प्रसंग

पहिली फेरी जूनच्या अखेरीस, एक-दोन पाऊस झाल्यावर, ओघळी व गाळ पाहण्यासाठी काढावी. दुसरी ऑगस्ट-सप्टेंबरात, उघडीप पाहून, गवत, रानभाज्या व सुगरणीची घरटी यांसाठी. तिसरी नोव्हेंबर ते जानेवारीत, पाखरे, निवळ ओढा आणि हुरडा अथवा वेळा अमावास्या यांच्या निमित्ताने. चौथी मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच्या गारव्यात, विहिरींची पातळी आणि कोरडे पडलेले पाणवठे पाहण्यासाठी. वाट चारही वेळा एकच ठेवावी. तीच जागा चार रूपांत पाहणे, यातच खरी ओळख आहे.

घ्यावयाची काळजी

शिवार आपले असले तरी बेसावध राहून चालत नाही. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप होत. गवतात काठी आपटीत चालावे, बिळात व दगडाखाली हात घालू नये. दगड काठीनेच उलथावा. दंश झाल्यास जखम कापणे, चोखणे वा आवळून बांधणे या गोष्टी करू नयेत. दंश झालेला अवयव हलू न देता, रुग्णास धीर देऊन, सर्पविषावरील लस जेथे आहे अशा रुग्णालयात विनाविलंब न्यावे. असे रुग्णालय कोणते, हे निघण्यापूर्वीच ठाऊक असावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक मुलांसही पाठ असावा. विंचूदंशातही मांत्रिकाकडे वेळ दवडू नये.

गडगडाट ऐकू येताच फेरी मोडून पक्क्या घराकडे परतावे. एकट्या झाडाखाली थांबू नये. ओढ्यास पाणी वाढत असेल तर ते गुडघाभर दिसले तरी ओलांडू नये. आग्या मोहोळ दिसल्यास दूरूनच जावे व धूर करू नये. नुकत्याच फवारलेल्या शेतात मुलांस नेऊ नये आणि औषधांचे रिकामे डबे त्यांस हाताळू देऊ नयेत. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे कोणी विसरू नये. चंद्रज्योत, धोतरा व गुंज यांच्या बिया विषारी असतात; वडीलधाऱ्यांनी ओळखल्याखेरीज कोणतेही फळ वा बी तोंडात घालावयाचे नाही, हा नियम प्रथमच सांगावा. जुन्नरसारख्या भागात, जेथे उसात बिबट्याचा वावर असतो, तेथे पहाटेच्या अंधारात व तिन्हीसांजेस फेरी काढू नये आणि मुलांस पुढे एकटे सोडू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

या उपक्रमास निधीची वा आदेशाची वाट पाहावी लागत नाही. कार्यकर्त्याने आरंभी आपल्या गावातील दोन कुटुंबे निवडून त्यांच्याबरोबर एकदा चालावे, शाळेच्या शिक्षकांस सोबत घ्यावे आणि वाट ठरवून द्यावी. भूमिहीन कुटुंबांच्या मुलांस अवश्य बोलवावे. गायरान व ओढा त्यांचाही आहे आणि रानाची माहिती पुष्कळदा त्यांच्या घरीच अधिक असते. मुलांच्या वहीतील नोंदी ग्रामसभेपुढे वाचून दाखविल्यास, कोणती घळ आधी बांधावी या वादाचा निकाल लवकर लागेल.

शेवटी एक गोष्ट प्रत्येक फेरीत पाळावी. फेरी पाहून संपवू नये, करून संपवावी. परतताना एखाद्या ओघळीच्या तोंडाशी सर्वांनी मिळून दगड रचावेत. मोठ्यांनी मोठे, मुलांनी झेपतील तेवढे. मोठे दगड खाली, लहान वर, आणि मधला भाग कडेपेक्षा थोडा सखल, म्हणजे पाणी कडेने फुटत नाही. पुढील पावसानंतर त्या रचलेल्या दगडांच्या वरच्या अंगास मूठभर माती अडलेली आढळेल. तेवढी माती ओढ्यास जावयाची राहिली. ती अडविणारा दगड आपण ठेवला होता, हे ज्या मुलास आठवते, ते मूल मोठेपणी कोठेही गेले तरी त्या शिवाराचेच राहते, आणि राहिलेच तर त्याच्या हाती जमीन सुखरूप असते.